आली, चुकली, गेली

गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आधीची गोष्ट. भोगीच्या भाजीची तयारी म्हणून आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून पावटे सोलत होतो, मोठ्या जाऊबाई आणि मी. अक्का म्हणतो त्यांना आम्ही सगळे. मधे परात, एका बाजूला ओल्या हरभऱ्याची जुडी, दुसरीकडं तीळ निवडून ठेवलेलं ताट, आणि हिरव्या शेंगांचा तो कच्चा वास हाताला लागलेला. अक्का बोटाच्या पेरांवर मोजत होत्या. बाराला तैलाभिषेक, तेराला अक्षता, चौदाला होम, पंधराला दारूकाम. मोजता मोजता थांबल्या आणि म्हणाल्या, "माझी नेमकी तेराला यायली बघ. उद्यापासून गोळ्या चालू करते. तुझी कधी गं?" मी शेंग सोलत सोलतच म्हणलं, "माझं काही टेन्शन नाही अक्का. दिवाळीच्या आधी आलेली, त्यानंतर आलीच नाही." त्यांनी मान वर करून बघितलं, पोटाकडं बघितलं, मग त्यांना आठवलं की माझं ऑपरेशन झालंय, धाकट्याच्या वेळीच. चेहरा सैल झाला त्यांचा.

"नशीबवान आहेस बघ," त्या म्हणाल्या आणि परत मोजायला लागल्या.

मला पण तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. तेराला मी मोकळ्या मनानं संमती कट्ट्याजवळ गर्दीत उभी राहिले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, डोलत येणारे सातही नंदीध्वज, 'एकदा भक्तलिंग हर्र' म्हणलं की अंगावर येणारा काटा, सगळं अनुभवलं. अक्षता टाकल्या. घरी येऊन केसातले तांदूळ झाडले. आणि रात्री झोपताना तो शब्द परत आला. नशीबवान. सदतीस वर्षांच्या बाईची पाळी अडीच महिने येत नाही, ती गरोदर नाही, कुणी तिला काही विचारत नाही, आणि ती नशीबवान. हा शब्द मी आधी पण ऐकला होता, असंच कुणाबद्दल तरी, एकदा नाही दोनदा. कुणाबद्दल ते लगेच आठवेना. पण अंथरुणात खडा असावा तसं काहीतरी टोचत राहिलं.

आपल्याकडं पाळीला तीन क्रियापदं आहेत. आली, चुकली, गेली. आली म्हणजे अडचण, मग देवाला जायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही, आमच्या घरात आता एवढं पाळत नाहीत तरी देवघराच्या उंबऱ्यापर्यंतच. चुकली म्हणजे दिवस गेले, लग्न झालेलं असेल तर पेढे आणि झालेलं नसेल तर आभाळ कोसळणार. चुकली हा शब्दच कसा आहे बघा, जणू कुणीतरी चूक केलीय, आणि ती कुणी केली हे ठरलेलंच. आणि गेली म्हणजे वय झालं, सुटली बाई एकदाची. या तिन्हीत माझं कशातच बसत नव्हतं. माझी आली नव्हती, चुकली म्हणावं तर ऑपरेशन झालेलं, आणि गेली म्हणावं तर अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या असून त्यांची चालू. ज्याला शब्दच नाही ते कुणाला सांगायचं कसं? मी नाही सांगितलं. नवऱ्याला पण नाही.

तसं मनाला समजवायला कारण होतं माझ्याकडं. कोजागिरीला आम्ही गल्लीतल्या बायका तुळजापूरला चालत गेलो होतो. पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर, पायाला फोड आणि वाटेत ठिकठिकाणी चहा-केळी वाटणारी माणसं. तेव्हा मी पण गोळ्या घेतल्या होत्या. आमच्याकडं त्या गोळ्यांना कुणी नावानं ओळखत नाही, मेडिकलवर जाऊन हळू आवाजात 'पुढं ढकलायची गोळी' म्हणलं की पोरगा वर न बघता खाकी पाकिटात घालून देतो. नॉरएथिस्टेरॉन असतं त्यात, हे मला आत्ता कळलंय. यायच्या तीन दिवस आधीपासून घ्यायची, बंद केली की दोन-तीन दिवसात येते. मला पण आली होती, तुळजापूरवरून आल्यावर, थोडीशीच. मग नोव्हेंबर कोरडा गेला तेव्हा मी म्हणलं गोळ्यांमुळं असेल. डिसेंबर गेला तेव्हा पण तेच म्हणलं. एकाच कारणावर माणूस किती महिने ढकलू शकतं.

एक सांगते, त्या गोळ्यांवर माझा राग नाही. ज्या बाईला वर्षातून एकदा देवीपुढं उभं राहायचंय तिनं काय करावं, हे सांगणारी मी कोण. पण पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन गेलेली बाई, लिव्हरचा त्रास असलेली बाई, तिनं त्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि हे त्या खाकी पाकिटावर लिहिलेलं नसतं. आणि दुसरं, आपण सगळ्या जणी तारखेचा एवढा बारीक हिशोब ठेवतो, वर्षभराचे सण, लग्नं, वास्तुशांती बघून, ती नको तेव्हा येऊ नये म्हणून. हवी तेव्हा येतीय का, याचा हिशोब कुणाच्याच डोक्यात नसतो.

नशीबवान कुणाला म्हणलं होतं ते दोन दिवसांनी ऑफिसात आठवलं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंटला आहे. खाली शिलाईच्या बायका जेवायला बसल्या होत्या आणि कुणीतरी शेंगाचटणीचा डबा उघडला, तो वास आला आणि एकदम शाळेचा वर्ग डोळ्यासमोर आला. दहावीत आमच्यासोबत एक मुलगी होती. वर्गातल्या सगळ्या पोरींची पाळी सुरू झालेली, तिचीच नाही. आम्ही सगळ्या स्कर्टला डाग पडेल म्हणून पाठ भिंतीला लावून चालायचो आणि ती तास संपला की धावत सुटायची. "नशीबवान आहे ती," आम्ही म्हणायचो. फक्त महिन्यातून तीन-चार दिवस ती शाळेत यायची नाही, आली तरी बाकावर पोट दाबून डोकं टेकून बसायची. सर म्हणायचे अभ्यासाची टाळाटाळ. आई तिची ओवा द्यायची. शेवटी एकदा लघवीच अडकली म्हणून तिला सिव्हिलला नेलं आणि तिथं कळलं की पाळी दर महिन्याला येत होती, पण खालचा पडदा जन्मतःच पूर्ण बंद होता, रक्त आतच साठत होतं. कित्येक महिन्यांचं. छोटंसं ऑपरेशन, दोन दिवसात घरी. इतक्या छोट्या गोष्टीसाठी ती पोरगी कधीपासून कळा काढत होती आणि आम्ही तिचा हेवा करत होतो.

पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि पाळी आलीच नाही तर दाखवायचं. तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ काहीच दिसत नसेल तर तेव्हाच दाखवायचं. आणि पाळी नाही पण दर महिन्याला पोट दुखतंय, तर वयाची वाट न बघता. हे तिच्या आईला कुणी सांगायला पाहिजे होतं.

दुसऱ्या म्हणजे विडीवाल्या मावशी. माझं माहेर पूर्व भागातलं, शेजारचं घर तेलुगू, मावशी दिवसभर दारात बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याच्या मापानं कातरलेलं पान, त्यात चिमूट, एक वळण, टोक आत दुमडायचं, दोरा. बोलता बोलता हात चालू, नजर रस्त्यावर. हजार विड्या म्हणजे अख्खा दिवस, त्या पण पोरी हाताखाली असतील तर. त्यांची पाळी चौतीस-पस्तीसाव्या वर्षीच थांबली. मला आठवतं, कारण आई आणि बाकीच्या बायका ओट्यावर बसून त्याबद्दल बोलत होत्या आणि आम्हा पोरींना 'जा गं तिकडं' म्हणून हाकललं होतं. "सुटली बाई, नशीबवान," आई म्हणाली होती. मावशी पण हसल्या होत्या. आठवडी मजुरीवर जगणाऱ्या बाईला महिन्यातले चार दिवस कमरेचं दुखणं कमी झालं, कापडं धुणं वाळवणं संपलं, त्या हसणारच. मला तेव्हा एवढंच कळायचं की मावशी थंडीत पण पदरानं वारा घेतात, मधेच लालबुंद होतात आणि रात्री दारात येऊन बसतात. पन्नाशीत त्या नळावर घसरल्या आणि मनगट मोडलं. एवढंसं घसरणं, आम्ही पोरी रोज तिथं घसरायचो. मग चार-पाच वर्षांनी कंबरेचं हाड. त्यानंतर त्यांनी सूप मांडीवर घेतलं नाही. पाळी लवकर गेल्यामुळंच हाडं गेली असं मी ठामपणे म्हणणार नाही, कुणी तपासलंच नव्हतं त्यांना. पण पुढं डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकताना माझ्या डोळ्यासमोर मावशींचं प्लास्टर होतं.

जानेवारी असाच गेला. फेब्रुवारीत एका रविवारी लेक बाथरूममधून ओरडली, "आई, हे पॅडचं पाकीट संपेनाच की." ती तेरा वर्षांची आहे, तिची वर्षभरापूर्वी सुरू झाली. आमचं पाकीट एकच असतं, कपाटात खालच्या कप्प्यात, आणि महिन्याला एक आणावं लागायचं. यावेळी एक पाकीट चाललेलं होतं तीन महिने. ती बाहेर येऊन माझ्याकडं बघत म्हणाली, "तू वापरतच नाहीस का? तुझी डेट कधी होती?" तिच्या मोबाईलमध्ये ते ॲप आहे, तिला सगळ्यांच्या तारखा भरायला आवडतं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण पाळी आली की तिचा पसारा असतो, वास असतो, न आल्याचा घरात कुठंच काही पुरावा नसतो. त्या पोरीला तो सापडला होता.

आणि मला अजून एक पुरावा माहीत होता, जो मी कुणालाच सांगितला नव्हता. ब्लाउजला आतल्या बाजूनं डाग पडायला लागले होते. पेज वाळल्यावर पडतो तसा, कडक, पांढरट, नाण्याएवढा. माझा धाकटा नऊ वर्षांचा आहे. त्याचं दूध तुटून किती वर्षं झाली. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी तो डाग नळाखाली धरून नखानं खरवडला आणि ब्लाउज परत बादलीत टाकला, जणू धुतलं की झालं. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. भीती होती, कॅन्सरचं नाव मनात येऊन गेलंच. लाज पण होती. आणि त्यासोबत, कुठंतरी खोल, धाकटा कुशीत असतानाचा तो ओला गोड वास आठवून घशात आलेलं काहीतरी.

मंगळवारी अर्धी रजा टाकून गेले. सात रस्त्याकडच्या एका डॉक्टरबाई, केस पिकलेले, चष्मा साखळीला. बाहेर बाकड्यावर सगळ्या गरोदर बायका, सोबत सासवा, नवरे मोबाईलवर, आणि मधे मी एकटी पर्स घट्ट धरून. पुकारलं तेव्हा आत गेले. पहिला प्रश्न, शेवटची पाळी कधी. मी म्हणलं, "दिवाळीच्या आधी." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सोलापूरच्या सगळ्या बाया मला सण सांगतात. गौरीत आली, पंचमीला आली. तारीख सांग." मी कोजागिरीपासून मोजून सांगितली. मग म्हणाल्या आधी लघवीची टेस्ट. मी म्हणलं ऑपरेशन झालंय की डॉक्टर. "तरी करायची. ऑपरेशन झालेलं असलं तरी क्वचित दिवस राहतात, आणि असे राहिले तर ते गर्भनळीत राहायची भीती जास्त. पाळी चुकलीय, एका बाजूला पोटात जोरात दुखतंय, थोडं थोडं अंगावरून जातंय, चक्कर येतीय, खांदा दुखतोय, असं झालं तर माझी वाट बघायची नाही, रात्र असो काही असो, सरळ मोठ्या हॉस्पिटलात. नळी फुटली तर आत रक्तस्राव होतो, जीव जातो."

टेस्टच्या पट्टीवर एकच रेघ आली. बाथरूमच्या पिवळ्या उजेडात मी ती पट्टी धरून पाच मिनिटं उभी होते. दुसरी रेघ नको म्हणून देवाला हात जोडत होते, आणि ती आली नाही तेव्हा हायसं वाटलं, आणि त्या हायशाच्या खाली एक पोकळ जागा होती, ती कशाची ते मला अजून माहीत नाही.

मग त्या बाईंनी जे प्रश्न विचारले तेवढे मला आजवर कुणी विचारले नव्हते. वजन वाढलं का, उतरलं का. उपास किती करतेस. हनुवटीवर केस येतात का. डोकं दुखतं का, दोन्ही बाजूचं दिसायला कमी झालंय का. एकदम गरम होऊन घाम फुटतो का. थंडी जास्त वाजते का, केस गळतात का. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का. कधी पिशवी धुतली होती का, म्हणजे क्युरेटिंग. घरात कुणाला टीबी होता का, कारण टीबी पिशवीला पण होतो आणि आतलं अस्तर खराब करतो, आपल्याकडं हे विसरून चालत नाही. मनाला काही लागलंय का. प्रत्येक प्रश्नामागं एक कारण उभं होतं हे मला नंतर कळलं, तेव्हा फक्त हो-नाही करत होते. छातीतून काही येतं का, असं विचारल्यावर मी खाली बघितलं. त्या थांबल्या. मी डागाचं सांगितलं. पहिल्यांदा मोठ्यानं बोलले ते, आणि आवाज कापला माझा. त्यांनी तपासलं, दोन थेंब आले. मग अगदी साधेपणानं विचारलं, "रोज कुठली गोळी चालू आहे?"

मी म्हणलं काहीच नाही.

"काहीच नाही? बीपी, शुगर, झोपेची, डिप्रेशनची?" नाही. "ॲसिडिटीची?" मी म्हणलं ती हो, पण ती काय गोळी थोडीच. गणपतीत पित्त झालं होतं तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दहा दिवसांची दिली होती. बरं वाटलं. मग मीच मेडिकलवरून पट्टी आणत राहिले, रोज सकाळी अनशापोटी एक, चहाच्या आधी. सहा महिने होत आले होते. त्यांनी पट्टी दाखव म्हणलं, पर्समध्येच होती. पालथी करून चष्म्यातून बारीक अक्षरं वाचली आणि माझ्यापुढं नख लावून दाखवलं. डॉमपेरिडोन.

त्याचं त्यांनी समजावून सांगितलं ते असं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती प्रोलॅक्टिन सोडते, आणि प्रोलॅक्टिन वाढलं की बीजकोषाचं काम मंदावतं, म्हणून तर अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते. एरवी मेंदू या प्रोलॅक्टिनला लगाम लावून ठेवतो. हे औषध तो लगाम सैल करतं. म्हणजे माझं शरीर सहा महिने अशा बाळाला पाजायची तयारी करत होतं जे नव्हतंच. हे ऐकल्यावर मी खिडकीकडं बघत बसले. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता.

रक्त घेतलं, प्रोलॅक्टिन आणि थायरॉईड दोन्ही, कारण थायरॉईड कमी पडलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं आणि पाळी थांबते. सोनोग्राफी पण केली. थायरॉईड ठीक निघालं, प्रोलॅक्टिन ९४. कागदावर नॉर्मल पंचवीसच्या आसपासपर्यंत लिहिलं होतं. गोळी बंद, तीन आठवड्यांनी परत तपासायचं, नाही उतरलं तर डोक्याचा एमआरआय, कारण कधी कधी त्या ग्रंथीवरच बारीकशी गाठ असते, बहुतेक वेळा साधी, गोळ्यांनी आटोक्यात येणारी. ते तीन आठवडे मी कसे काढले ते मला माहीत. डोळ्यांना कडेचं नीट दिसतंय का म्हणून रिक्षात बसून दुकानांच्या पाट्या वाचत जायचे. परत तपासलं तेव्हा १७ आलं. गोळी बंद करून पित्त थोडं उसळलं, मग रात्रीचं लवकर जेवायला लागले, रिकाम्या पोटी दोन-दोन कप चहा सोडला. इथं एक मात्र नीट ऐका. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी पण प्रोलॅक्टिन वाढतं, पण म्हणून ती गोळी कुणी आपापली बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी दिलीय त्यांना जाऊन सांगायचं, ते बदलून देतात.

नियमित पाळी येणाऱ्या बाईची तीन महिने आली नाही, किंवा आधीपासूनच मागंपुढं होणाऱ्या बाईची सहा महिने, तर कारण शोधायचं, असं त्यांनी सांगितलं. गरोदरपणाची शंका असेल तर आठवडाभर उशीर झाला तरी टेस्ट करायची, मेडिकलवर पन्नास-साठ रुपयांत मिळते. आणि पॉझिटिव्ह आली, मूल नको असेल, तरी मेडिकलवरून गोळ्या आणून गुपचूप घ्यायच्या नाहीत, कायदा आहे, डॉक्टर आहेत, सिव्हिल आहे. चाळिशीच्या आत पाळी कायमची थांबत असेल तर ती सुटका समजायची नाही. आपल्याकडं पाळी जायचं वय साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास, त्याच्या दहा वर्षं आधी बीजकोष थकले तर हाडांना आणि हृदयाला जे इस्ट्रोजेन मिळायला हवं ते तेवढी वर्षं मिळत नाही. म्हणून त्या वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या देतात, हाडं तपासतात. मी विचारलं, पूर्वी पण होतं का हे औषध, पंचवीस वर्षांपूर्वी? "होतं की," त्या म्हणाल्या. मावशींच्या दारातून दवाखाना चालत पंधरा मिनिटांवर होता.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. डागाचं पण. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "चार महिने झाले आणि तू मला सांगितलं नाहीस." रागावला नव्हता, दुखावला होता. मला उत्तर नव्हतं. चौदा वर्षांच्या संसारात पाळी आली की मी त्याला फक्त 'आज देवाचं तुम्ही करा' एवढंच सांगत आलेय, आणि आली नाही हे सांगायला तसलं कुठलं वाक्य आमच्या घरात तयारच झालेलं नव्हतं.

नणंदेच्या मुलीचं मला तेव्हाच कळलं. पुण्यात हॉस्टेलला, एकोणीस वर्षांची, सात महिने पाळी नाही. पीसीओडी, म्हणजे बीजकोषांचं काम बिघडायचा त्रास, असं एकदा कुणी सांगितलंय, पण नणंदेचं म्हणणं, लग्नाआधी काय घाई, लग्न झालं की आपोआप होतंय. मी फोनवर इतकी बोलले की नणंद जरा फुगलीच. पण बोलले. पीसीओडीत पाळी येत नाही म्हणजे आतलं अस्तर तयार होणं थांबत नाही, ते साठत जातं, जाड होत जातं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर पुढं त्यातून वाईट निघू शकतं. म्हणून तीन महिन्यांतून एकदा तरी गोळ्या देऊन ती आणवतात. शुगर बघतात. लग्नाचा आणि याचा काही संबंध नाही. पोरीनं रात्री मला वेगळा मेसेज केला, "मामी थँक्यू, आईला मी किती दिवस सांगत होते." कारखान्यात पण शिलाईच्या दोघी-तिघी हळूहळू वर येऊन विचारायला लागल्या, रजिस्टर उघडून हिशोब विचारल्यासारखं करून. पीसवर काम करणाऱ्या बायका, एक दिवस गेला की तेवढे टॉवेल गेले. त्यांना मी सिव्हिलच्या ओपीडीचा रस्ता सांगते आणि निघायच्या आधी तारीख लिहून न्यायला सांगते. सण नाही, तारीख.

अक्कांना पण सांगितलं होतं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, मधे मधे "अगं बाई" म्हणाल्या, पण मला कळेना त्यांना काय वाटलं. त्या तशा आहेत, पटकन बोलत नाहीत.

एप्रिलात पाण्याचा दिवस होता. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि यायची वेळ पहाटेची, कधी साडेतीन, कधी साडेचार. नळातून आधी हवेचा घरघर आवाज येतो, आणि त्या आवाजानं अख्खी गल्ली उठते. त्या पहाटे पण उकडत होतं, फरशी अनवाणी पायाला कोमट लागत होती. अक्का हौदापाशी, मी मागं टिपाडं धुवून लावत होते, पाईप एकातून काढून दुसऱ्यात, घागरी, कळश्या, बादल्या, मुलांच्या बाटल्यासुद्धा. एक टिपाड कलंडवायला वाकले आणि ओटीपोटात कळ आली. जुनी, ओळखीची, कमरेतून खाली मांडीत उतरणारी. मी तशीच वाकलेली राहिले. मग आत ओलं झालेलं कळलं. अंधारात हौदाच्या कठड्यावर बसले मी, आणि रडू आलं. वर्षानुवर्षं जिला शिव्या दिल्या, नको तेव्हा आली म्हणून, तिच्यासाठी.

"काय गं, काय झालं? पाय घसरला का?" अक्का टॉर्च घेऊन आल्या.

"आली अक्का."

"आत्ता? पाण्याच्या टायमाला?" त्यांनी टॉर्च माझ्या तोंडावर धरला, मग लगेच खाली केला. काही वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग त्यांनी माझ्या हातातला पाईप काढून घेतला, पदर खोचला. "जा आत. मी भरते सगळं. आणि आधी लिहून ठेव कुठंतरी."

"आज किती तारीख आहे?"

"अठरा," अक्का म्हणाल्या आणि पाईप दुसऱ्या टिपाडात टाकला.